सोन्याचा खिळा

१० मे १८६९, सोमवार. अमेरिकेतल्या युटाह प्रांतात प्रॉमॉन्टरी नावाच्या उजाड माळावर दोन आगगाड्यांची एंजिने समोरासमोर येऊन उभी होती. एक पूर्वेकडून आलेले, दुसरे पश्चिमेकडून. मधल्या शेवटच्या स्लीपरला भोके आधीच पाडून ठेवली होती, कारण त्यात बसवायचा खिळा सोन्याचा होता आणि सोन्याला घणाचे घाव सोसत नाहीत. सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे अध्यक्ष लेलँड स्टॅनफर्ड हातोडा घेऊन पुढे सरसावले. त्यांचा पहिला घाव चुकला, असे सांगतात. चुकला तर चुकला. तारमास्तराने ‘झाले’ एवढा एकच शब्द देशभर धाडला आणि शहराशहरांतून घंटा वाजू लागल्या. १७७६ मैलांचा लोहमार्ग पुरा झाला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे सालही १७७६. योगायोगालासुद्धा त्या दिवशी उत्साह चढलेला दिसतो.

समारंभ आटोपला आणि सोन्याचा खिळा उपटून घेण्यात आला. त्या जागी लोखंडी खिळा ठोकला गेला, कारण गाड्या काही सोन्यावरून धावत नसतात.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची एक कहाणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सरकारने बाजूला उभे राहावे, हिकमती माणसाने धाडस करावे, मेहनती माणसाने घाम गाळावा, आणि बघता बघता रानात नगरे उभी राहावीत! ही कहाणी खोटी नाही. ती अर्धी आहे. उरलेली अर्धी ऐकायची तर सोन्याच्या खिळ्याऐवजी लोखंडी खिळ्याचा माग काढला पाहिजे. सरकार, भांडवलदार, मजूर आणि परमुलखातून आलेला माणूस, असे चार पदर या एकाच लोहमार्गात वळलेले आहेत. एक ओढला की बाकीचे तीन हलतात.

*

आरंभ सरकारापासून करू. १८६२ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटलेली होती. याच युद्धाने तिकडचा कापूस अडवला आणि आपल्या मुंबईवर पैशांचा पाऊस पाडला; १८६५ साली युद्ध थांबताच तो पाऊसही थांबला आणि मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. त्या धामधुमीत १ जुलै १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. युनियन पॅसिफिक कंपनीने ओमाहाहून पश्चिमेकडे यायचे आणि सेंट्रल पॅसिफिकने कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे जायचे, असे ठरले.

बाजूला उभ्या राहणाऱ्या सरकारने दिले तरी काय? सपाट प्रदेशात मैलामागे १६,००० डॉलरचे सरकारी रोखे, मधल्या पठारावर ३२,००० आणि डोंगरात ४८,०००. हे कर्ज होते. पण जमीन मात्र निव्वळ देणगी. दर मैलाला ६,४०० एकर, आणि १८६४ साली कायदा सुधारला तेव्हा ती दुप्पट, म्हणजे १२,८०० एकर. पुढे इतर कंपन्यांनाही अशीच खिरापत मिळाली. संघसरकारने रेल्वेंना दिलेल्या एकूण जमिनीचा आकडा सुमारे तेरा कोटी एकर भरतो. आजच्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक! त्याच १८६२ साली सामान्य शेतकऱ्यासाठीही एक कायदा झाला. त्याला मिळत होते १६० एकर, आणि तेही पाच वर्षे कसून दाखवल्यावर. शिवाय ही सारी जमीन ‘मोकळी’ होती ती केवळ सरकारी नकाशावर. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारे आदिवासी आणि चरणारे गवे या दानपत्रात कुठेच नव्हते.

डोंगरात तिप्पट पैसे मिळणार म्हटल्यावर डोंगर सुरू होतो कोठे, हा प्रश्न फार मोलाचा ठरला. कॅलिफोर्नियाचे सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ व्हिटनी यांनी सॅक्रामेंटोच्या पूर्वेला सात मैलांवर एक ओढा दाखवला आणि सिएरा नेव्हाडा पर्वताचा पायथा इथूनच धरावा असे मत दिले. डोळ्यांना तिथे टेकाडही दिसत नाही. खरी चढण पुष्कळच पुढे आहे. पण लिंकनसाहेबांनी ते मान्य केले. बायबलातल्या अब्राहमाची आठवण काढून कोणी तरी म्हटलेच की, श्रद्धेने पर्वत हलतात ते असे! त्या सात-आठ कोसांच्या मैदानाचे दाम कंपनीला डोंगराच्या भावाने मिळाले.

पूर्वेकडची मंडळी याहून हुशार निघाली. युनियन पॅसिफिकच्या कारभाऱ्यांनी क्रेडिट मोबिलियर नावाची बांधकाम कंपनी हाताशी धरली. तिचे मालक तेच. रेल्वे कंपनी म्हणून त्यांनी काम द्यायचे, बांधकाम कंपनी म्हणून त्यांनीच ते घ्यायचे आणि बिलेही स्वतःच मंजूर करायची. घर बांधून घेणारा आणि बांधणारा एकच, आणि पैसा तिसऱ्याचा, असे असल्यावर चौकटीला चंदनच लागणार. कोणी चौकशी करू नये म्हणून ओक्स एम्स या सभासदाने तिचे भाग काँग्रेसमधल्या आपल्या सहकाऱ्यांना अल्पमोलात वाटले. १८७२ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने हे उघडकीला आणले. चौकशी झाली. १८७३ साली एम्स आणि आणखी एका सभासदावर प्रतिनिधिगृहाने ठपका ठेवला. उपाध्यक्ष कोलफॅक्स यांच्या नावालाही कायमचा डाग लागला. तुरुंगात मात्र कोणी गेले नाही.

याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाची ती पावती होती, आणि ती योग्यच होती. एकाच देशात, एकाच वर्षी, फुल्यांना वंदनीय वाटलेली माणसे होती आणि एम्सच्या पंगतीला बसलेलीही होती. कोणताही देश पाहताना हे दोन्ही डोळे उघडे ठेवावे लागतात.

*

आता पैशांवरून घामाकडे येऊ. पूर्वेकडचे काम मुख्यतः आयरिश मजुरांनी केले. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेली ही माणसे. त्यांच्याबरोबर युद्धातून मोकळे झालेले सैनिक होते. पश्चिमेला मात्र माणूस मिळेना. आलेला गोरा मजूर पुढच्या चांदीच्या खाणीची वाट धरी. कंपनीच्या चार धन्यांपैकी एक, चार्ल्स क्रॉकर, याने चिनी मजूर घ्यावेत असे सुचवले. कामावरचा मोठा मुकादम स्ट्रोब्रिज नाक मुरडू लागला. एवढ्याशा अंगाची माणसे दगड काय फोडणार! ‘चीनची भिंत त्यांनीच बांधली ना?’ अशा अर्थाचे उत्तर क्रॉकरने दिल्याचे सांगतात. १८६५ साली पन्नास चिनी नमुन्यादाखल घेतले. दोन वर्षांत ते हजारोंच्या घरात गेले आणि सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांत दहांपैकी आठ-नऊ चिनी दिसू लागले.

कँटनच्या आसपासच्या खेड्यांतली ही माणसे. युद्धे, बंडाळ्या आणि दुष्काळ यांनी गाव सुटलेला. कॅलिफोर्नियाला ते ‘सोन्याचा डोंगर’ म्हणत. प्रत्यक्षात वाट्याला आला तो काळ्या दगडाचा डोंगर. पुण्याहून मुंबईला येताना खंडाळ्याच्या घाटातले बोगदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी सात हजार फूट उंचीवरचा असाच बोगदा कल्पावा, आणि वर तीस-तीस फूट बर्फ चढवावे. माथ्यावरचा बोगदा १,६५९ फुटांचा. पहार आणि घण यांनी भोक पाडायचे, सुरुंग ठासायचा आणि पळायचे. दारूने खडक दाद देईना तेव्हा जागेवरच नायट्रोग्लिसरीन तयार करून वापरले. इतके करूनही एका तोंडावर दिवसाला फूटभर वाट सरकली तर नशीब. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फाचे कडे कोसळून तळच्या तळ गाडले गेले. काही प्रेते वसंतात बर्फ वितळल्यावर सापडली. कंपनीने किती घोडे, किती दारू, किती रूळ लागले याचे हिशेब ठेवले. मेलेल्या चिन्यांचा हिशेब ठेवला नाही.

इथे एक छोटी गोष्ट सांगावीशी वाटते. चिनी मजूर ओढ्याचे पाणी तसेच पीत नसत. त्यांच्या टोळीतला पोऱ्या कावडीला पिंपे लावून गरम चहा कामावर आणून देई. गोरे मजूर हगवणीने आडवे पडत तेव्हा ही माणसे उभी असत. त्यांचा स्वयंपाकी त्यांचा, तांदूळ आणि सुकी मासळी त्यांची, आणि खर्चही त्यांचाच. गोऱ्या मजुराला पगार अधिक अन्न मिळे. चिन्याला पगारातूनच अन्न घ्यावे लागे.

२५ जून १८६७ रोजी डोंगरातले तीन हजारांवर चिनी मजूर एकाच दिवशी कामावर आले नाहीत. त्यांची मागणी अशी: महिना पस्तीसऐवजी चाळीस डॉलर, उघड्यावर दहा तास काम आणि बोगद्यात आठ. ना दंगा, ना दारू, ना दगडफेक. इतकी शांतता की जणू रविवारच आहे, असे पुढे क्रॉकरनेच साक्षीत सांगितले. त्याने उपाय शोधला तोही शांततेचा. डोंगरावर जाणारे धान्य बंद केले. आठवडाभरात पोटाने संप मोडला.

आणि लेलँड स्टॅनफर्ड? १८६२ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले तेव्हा पहिल्याच भाषणात त्यांनी चिन्यांना हीन वंशाचे ठरवून त्यांची वसाहत रोखावी असे सांगितले होते. १८६५ साली कंपनीचे अध्यक्ष या नात्याने लिहिताना त्याच चिन्यांना त्यांनी शांत, सोशिक, उद्योगी आणि काटकसरी अशी प्रशस्ती दिली; त्यांच्यावाचून हा मार्ग वेळेत होणे अशक्य, असेही कळवले. माणसे तीच होती. गव्हर्नराला मते हवी होती, अध्यक्षाला मजूर हवे होते.

*

१८६८ साली अमेरिकेने चीनशी तह करून दोन्हीकडच्या लोकांना येण्याजाण्याची मोकळीक दिली. कामाला हात हवे होते, तोवर दरवाजा सताड उघडा. मग १८७३ सालचा सप्टेंबर उजाडला. रेल्वेच्या रोख्यांत गुंतलेली जे कूक यांची बलाढ्य पेढी बुडाली आणि तिच्यामागोमाग बँका व कारखाने बसत गेले. मंदी वर्षानुवर्षे रेंगाळली. १८७७ च्या जुलैत बाल्टिमोर-ओहायो रेल्वेने आणखी दहा टक्के पगार कापला तेव्हा मार्टिन्सबर्गच्या कामगारांनी गाड्या अडवल्या. संप वणव्यासारखा पसरला. पिट्सबर्गला गावची शिबंदी संपवाल्यांवर हत्यार चालवीना, म्हणून फिलाडेल्फियाची शिबंदी आणली. तिने गोळीबार करून वीस-एक माणसे मारली. चिडलेल्या जमावाने शंभरावर एंजिने जाळली. शेवटी अध्यक्ष हेज यांनी संघराज्याचे सैन्य पाठवले. देशभरात मिळून शंभरावर माणसे मेली.

याच जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला संपाला पाठिंबा देण्यासाठी कामगारांची सभा भरली. सभा पगारकपातीविरुद्ध, रेल्वेच्या धन्यांविरुद्ध. पण ती संपता संपता जमाव उठला तो धन्यांच्या टेकडीवरच्या वाड्यांकडे न जाता चिन्यांच्या धुलाईच्या दुकानांकडे गेला. लवकरच डेनिस कर्नी नावाचा पुढारी ‘चिन्यांनी गेलेच पाहिजे’ असा घोष करत गावोगाव फिरू लागला. हा कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला! काल आलेल्याने आज आलेल्याला घालवून द्यावे, अशी ही रीत. तिच्या मुळाशी भीती होती, आणि ती भीती पोकळ नव्हती. मालक एका जातीच्या मजुराला दुसऱ्याविरुद्ध खरोखरच वापरत असत. पण पगार कापणारा हात वरच्या मजल्यावर होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस तेवढा हाताशी सापडला.

६ मे १८८२ रोजी अध्यक्ष आर्थर यांनी चिनी मजुरांना दहा वर्षे देशबंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली. एका देशाचे नाव घेऊन तिथल्या मजुराला बंदी करणारा अमेरिकेचा हा पहिला मोठा कायदा. व्यापारी, विद्यार्थी, प्रवासी यांना मुभा होती. नको होता तो मजूर. मुदत वाढत गेली आणि १९०२ साली बंदी कायमची झाली.

कायद्याने अपमान केला की गल्लीतल्या माणसाच्या हाताला जोर येतो. वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज गावी युनियन पॅसिफिकच्या कोळशाच्या खाणी होत्या. १८७५ साली तिथला संप मोडण्यासाठी कंपनीने चिनी आणले होते. ते दुःख दहा वर्षे धुमसत राहिले. २ सप्टेंबर १८८५ रोजी गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्तीवर हल्ला करून ती जाळली आणि किमान अठ्ठावीस चिन्यांना ठार केले. मारणाऱ्यांतही कित्येक जण परदेशातूनच आलेले होते. खटला कोणावरही उभा राहिला नाही. सैन्य आले, वाचलेल्या चिन्यांना परत खाणीत नेऊन सोडले आणि कोळसा पुन्हा निघू लागला.

*

१८८६ चा मे महिना मोठा नवलाचा. १ मे रोजी लाखो कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले. आपण ज्या दिवशी कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन पाळतो तो हाच दिवस. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब फुटला. तो टाकणारा सापडला नाही. आठ पुढाऱ्यांना दोषी धरून पुढच्या वर्षी चौघांना फाशी दिले. त्यांतले तिघे जन्माने जर्मन.

आणि १० मे रोजी, सोन्याच्या खिळ्याला बरोबर सतरा वर्षे झाली त्या दिवशी, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ ची. मुक्त झालेल्या गुलामांना कायद्याचे समान संरक्षण मिळावे म्हणून ती केलेली, आणि तिच्यात शब्द आहे ‘व्यक्ती’. पहिला खटला सदर्न पॅसिफिक रेल्वेचा, म्हणजे स्टॅनफर्ड आणि मंडळींच्याच दुसऱ्या कंपनीचा. वाद कुंपणावरच्या कराचा होता. पण कंपनी हीसुद्धा या दुरुस्तीतली व्यक्तीच, असे सरन्यायाधीशांनी सुनावणीच्या वेळी सांगितले आणि तसे छापले गेले. पुढे कित्येक वर्षे कंपन्यांनी त्या एका वाक्याची ढाल केली.

दुसरा खटला यिक वो या सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी धुलाईवाल्याचा. लाकडी घरात धुलाईचे दुकान चालवायला परवाना लागेल, असा तिथे नियम होता. दोनशे चिन्यांनी अर्ज केले, ते नामंजूर. ऐंशी-एक इतरांचे अर्ज मात्र जवळजवळ सगळे मंजूर. न्यायालय म्हणाले, नियमाची भाषा निर्मळ असली तरी तो चालवणारा हात दुजाभावाचा असेल, तर तो अन्यायच. आणि समान संरक्षण नागरिक नसलेल्या परक्यालाही आहे. एकाच दिवशी, एकाच कलमाच्या छायेत, रेल्वे कंपनी आणि परीट दोघेही ‘व्यक्ती’ ठरले. कंपनीजवळ वकिलांची फौज होती, म्हणून तिला त्या शब्दाचा लाभ रोज मिळाला; परटाला तो क्वचितच मिळाला. पण तो शब्द पुस्तकात राहिला, हेही थोडे नव्हे.

त्या मे महिन्यात आपली एक मराठी बाई अमेरिकेतच होती. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला आलेल्या पंडिता रमाबाई पुढे दोन-अडीच वर्षे तो देश पालथा घालत हिंडल्या, आणि १८८८ साली सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने परत निघाल्या. पूर्वी सहा महिने खाणारी ती वाट या लोहमार्गांनी आठवड्यावर आणली होती, म्हणून एका परदेशी विधवेला भूखंडभर हिंडून व्याख्याने देता आली. त्यांचे अमेरिकेवरचे मराठी पुस्तक १८८९ साली निघाले. रेल्वेने केलेले हे भलेही हिशेबात धरलेच पाहिजे.

*

शेवटचा अंक शिकागोजवळच्या पुलमन गावी. झोपायच्या आरामशीर डब्यांचे कारखानदार जॉर्ज पुलमन यांनी आपल्या कामगारांसाठी विटांचे टुमदार गाव वसवले होते. घर, बाग, वाचनालय, सारे कंपनीचे. १८९३ च्या मंदीत त्यांनी पगार सरासरी पंचवीस टक्के कापले, घरभाडे मात्र एक सेंटही उतरवले नाही, आणि भागीदारांचा लाभांश चालूच ठेवला. मे १८९४ मध्ये संप झाला. यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे कामगार संघाने पुलमनचे डबे जोडायचेच नाहीत असे ठरवले आणि देशाची अर्धीअधिक वाहतूक अडली. या संघाचे दारही काळ्या कामगारांना बंदच होते.

सरकारचा मुख्य कायदा अधिकारी रिचर्ड ओल्नी हा रेल्वेचा जुना वकील. मंत्री झाल्यावरही रेल्वेकडून त्याला मिळणारे वार्षिक मानधन सरकारी पगाराहून मोठे होते. त्याने न्यायालयातून संपाविरुद्ध मनाई हुकूम मिळवला, तो १८९० च्या मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारे. म्हणजे बड्या कंपन्यांना वेसण घालायला केलेल्या कायद्याची वेसण कामगारांच्या नाकात घातली! इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड, तेही जर्मनीत जन्मलेले, ‘सैन्य नको’ म्हणून विनवीत असता अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी टपाल अडते या कारणाने शिकागोत सैन्य उतरवले, ते ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनी. संप मोडला, डेब्ज सहा महिने तुरुंगात गेले. १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मनाई हुकूम उचलून धरला. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक साखर एका मुठीत धरणाऱ्या संघाला मात्र मक्तेदारीच्या कायद्यातून सोडून दिले.

तेव्हा सरकार बाजूला उभे होते, हे म्हणणे सोडून द्यावे. जमीन देताना ते पुढे होते, कर्ज देताना पुढे होते, डोंगर सरकवताना होते, दरवाजा उघडताना आणि लावताना होते, संप मोडताना तर बंदुकीसह होते. वाद सरकारने हात घालावा की नाही हा नव्हताच. तो हात कोणाच्या पाठीवर पडतो आणि कोणाच्या मानेवर, एवढाच वाद होता. मजुरांनी हे ओळखून आयरिश, चिनी, काळे, जर्मन अशी एक फळी केली असती, तर मालकाला एकाविरुद्ध दुसरा उभा करता आला नसता. त्यांनी एकमेकांना दाराबाहेर काढले आणि मग प्रत्येकाचा संप एकेकट्याने हरला.

प्रॉमॉन्टरीवरून जाणारा जुना मार्ग पुढे आडबाजूला पडला आणि १९४२ साली युद्धासाठी लोखंड हवे म्हणून तिथले रूळ उखडण्यात आले. १९४३ साली, चीन युद्धात दोस्त झाला तेव्हा, एकसष्ट वर्षांची चिनी बंदी उठली. वर्षाला १०५ माणसांना मुभा मिळाली. १९६९ साली त्याच माळावर शतसांवत्सरिक उत्सव झाला. वाहतूकमंत्र्यांनी भाषणात विचारले की, असे बोगदे अमेरिकनांवाचून दुसरे कोण खोदणार? ते खोदणाऱ्यांचे वंशज समोर बसले होते. ज्यांना कायद्याने अमेरिकन होऊ दिले नव्हते, त्यांच्या पहारीची खूण त्या खडकावर मात्र होती. २०१४ साली अमेरिकेच्या कामगार खात्याने या चिनी मजुरांची नोंद आपल्या सन्मानदालनात केली.

सोन्याचा खिळा आज स्टॅनफर्ड यांनी स्थापन केलेल्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिथे जाण्याचा योग आला तर तो जरूर पाहावा. लोखंडी खिळे पाहायचे असतील, तर सिएराच्या माथ्यावर तो १,६५९ फुटांचा बोगदा अजून आहे. आता त्यातून गाडी जात नाही. माणसे पायी जाऊन भिंतीवरून हात फिरवतात. पहारीचे व्रण अजून हाताला लागतात.